पाण्याची ताजी बातमी

वडील गेले, पण त्यांच्या फोनला उसंत नव्हती. मुलगी तो बंदच करायला बसली होती, तेवढ्यात इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी सवयीने विचारलं, "काका, पाणी आलं का?" आणि लगेच, "सॉरी, सॉरी."

वडील तळमजल्यावर राहायचे. पाणी आधी त्यांच्या नळाला यायचं आणि मग त्यांच्या फोनवरून इमारतभर जायचं. आत्ताही बादली भरत होती. आता उत्तर तरी कोण देणार, म्हणून तिने त्याच फोनवरून लिहिलं, "आलं."

"अगं बाई! काका?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"कृपया अफवा पसरवू नयेत," सेक्रेटरींनी बजावलं.

"मी त्यांची मुलगी," असं तिने लिहिलं खरं, पण ते वाचायला कुणी थांबलं नव्हतं. सगळे नळाकडे पळाले होते.

जरा वेळाने दार वाजलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या मावशी धापा टाकत उभ्या होत्या. हातात कोरडी बादली.

"काय गं, आलं म्हणालीस ना? आमच्याकडे नुसती हवा! यांचं अंग पुसायचंय, अंथरूण धुवायचंय."

"आलंय हो मावशी, हे बघा."

"खाली आलंय! सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वर काय चढणार, कपाळ? तुझे बाबा आधी मला फोन करायचे. माझं भरून झालं की मग ग्रुपवर टाकायचे, आत्ताच आलं म्हणून."

मुलगी स्टुलावर बसली. तिचा खोटा ताप ओळखून तिला भर पावसात शाळेत नेऊन सोडणारा हा माणूस!

"म्हणजे रोज खोटं?"

"खोटं कसलं? जरा उशिरा."

तिने दोन्ही हातांत बादल्या घेतल्या आणि जिना चढू लागली. वाटेत सेक्रेटरी दारात उभे होते.

"काकांच्या वेळी असं कधी झालं नाही हो."

"नाही ना," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नळ फुरफुरला. तिने मावशींना फोन केला. बादली भरून वाहू लागली, तसा ग्रुप जागा झाला. "पाणी आलं का?"

पायांवरून पाणी जात असताना तिने लिहिलं, "अजून नाही."

"नक्की?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नळापाशीच उभी आहे."

"धन्यवाद," सेक्रेटरींनी लिहिलं. "काकांसारखीच खात्रीची बातमी."