हळदीकुंकवाची आगगाडी

"यंदा एक डबा तरी सुटून दाखवू दे!" गौरी यायच्या आधीच्या आठवड्यात चिंतामणरावांनी चहाच्या कपावरून गर्जना केली.

"सुटला तर गाडी कायमची माळ्यावर," चारुशीलाबाई म्हणाल्या. "रुळांसकट!"

चिंतामणरावांची खेळण्यातली आगगाडी सांगलीच्या त्या गल्लीत प्रसिद्ध होती. गौरीपूजनाला ती गौरींना वळसा घालून बायकांसमोर हळद, कुंकू, साखर, खोबरं घेऊन यायची. पण डबे जोडणारे प्लास्टिकचे आकडे इतके नाजूक, की वळण आलं की दोन डबे पुढे आणि कुंकवाचा डबा आडवा! गेल्या वर्षी तो नेमका शेजारच्या अंजनाबाईंच्या मोतिया रंगाच्या पैठणीवर उलटला होता. निवृत्तीनंतर गाडीशिवाय चिंतामणरावांचा दिवस जात नसे. माळ्याचं नाव ऐकूनच त्यांना घाम फुटला.

त्यांनी आकडे काढून टाकले आणि इंजिनाच्या मागे आणि प्रत्येक डब्याच्या दोन्ही टोकांना बटणाएवढे जबरदस्त लोहचुंबक चिकटवले. निम्मे उलटे बसले आणि डबे भांडलेल्या जावांसारखे एकमेकांपासून लांब पळू लागले! ते सुलटे केल्यावर मात्र डबे असे जुळले, की ओढून हात दुखायला लागला. शेवटच्या डब्याच्या मागे काही जोडायचं नव्हतं, पण पुढच्या वर्षी नवा डबा घेऊ म्हणून तिथेही त्यांनी हौसेने एक डकवला.

पूजनाच्या दिवशी वीसेक बायका जमल्या. गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण... एकही डबा सुटला नाही!

"आवं, लय झ्याक!" पैठणी आवरून बसलेल्या अंजनाबाई म्हणाल्या. त्या विट्याकडच्या.

चारुशीलाबाईंचा चेहरा फुलला. नवऱ्याकडे कौतुकाने बघत त्यांनी शेवटच्या डब्यातलं खोबरं घ्यायला हात घातला.

टक्! हातातली पाटली मागच्या चुंबकाला चिकटली. त्यांनी दचकून हात वर घेतला, तर अख्खी गाडी इंजिनासकट मनगटाला लोंबकळू लागली! साखर, खोबरं, सगळं गौरींच्या पायाशी.

"बघा! तरीसुद्धा सुटत नाही!" चिंतामणराव दारातून ओरडले.

बायका मात्र पाटलीकडे बघत होत्या.

"वैनी," अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "सोनं कवापासनं चुंबकाला चिकटायला लागलं?"

चिंतामणराव दारातून मागे सरकले. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांनीच त्या पाटल्या दिल्या होत्या, सोन्याच्या म्हणून! ज्या पैशांत खऱ्या यायच्या, त्यांत हे परदेशी इंजिन आलं होतं.

"अहो, खऱ्या कपाटात आहेत," चारुशीलाबाई हसत म्हणाल्या. "कामाच्या दिवशी मी ह्याच घालते. घ्या, खोबरं घ्या!"

बायकांना ते पटलं. कपाटात अर्थातच काही नव्हतं.

सगळ्या गेल्यावर चिंतामणराव खालमानेने म्हणाले, "तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच श्रावणात. काळ्या पडल्या होत्या." त्या रुळांमधलं कुंकू पुसत होत्या. "सहा वर्षं दर दिवाळीला मीच मुलामा देऊन आणते. तुमचं हसं नको व्हायला म्हणून."

चिंतामणरावांना भरून आलं. हिचा हात धरावा, चार चांगले शब्द बोलावेत, असं अगदी आतून वाटलं. ते जवळ जाऊन बसले. घसा खाकरला.

"पण डबा एकही सुटला नाही, एवढं तरी मान्य कर!"