बिशपचं पत्र आणि पाळकसाहेब

"सोमवारी छपाई! पुस्तक कसं असतं ते कळेल लोकांना! शोधून एक चूक सापडायची नाही!" असं स्वल्पविरामराव जो भेटेल त्याला सांगत सुटले होते. छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे त्यांना हे नाव चिकटलं होतं. आणि आता साठाव्या वर्षी त्यांचं स्वतःचं पहिलं पुस्तक छापायला जाणार होतं. तेही साधंसुधं नाही, थरारक कादंबरी! दुसऱ्या शतकातला बिशप ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात भुयारात एक पत्र लपवतो, ते आज सापडतं, आणि धडाधड खून पडू लागतात.

मुखपृष्ठावर त्या पत्राचा फोटो हवा होता. रावांनी जाड कागद चहात बुचकळला, गॅसवर कडा जाळल्या आणि शब्दकोशातून वेचून वेचून ग्रीक ओळी लिहिल्या. कागद वाळला तो वेडावाकडा! शनिवारी चर्चमध्ये गाण्याची तालीम होती. तिथल्या व्यासपीठावरच्या भल्याथोरल्या बायबलात त्यांनी तो दाबायला ठेवला आणि घरी येऊन साफ विसरले.

रविवारी पाळकसाहेबांनी बायबल उघडलं आणि आतला कागद डोळ्यांजवळ धरला.

"मंडळी," ते कसेबसे म्हणाले, "हे ग्रीक आहे! कुणा बिशपचं पत्र! फार फार जुनं!"

एकच गलका झाला. पेटी वाजवणाऱ्या बाईंनी आनंदाच्या भरात भलतंच गीत सुरू केलं. रखवालदाराने दारं लावून घेतली. खजिनदार म्हणाले, "संग्रहालयाला फोन लावा!" तिसऱ्या रांगेतल्या स्वल्पविरामरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

इतक्यात त्यांच्या सौ. उठल्या, तडक पुढे गेल्या आणि त्यांनी पत्र हुंगलं.

"पाळकसाहेब, हा आमच्या घरचा चहा आहे. अहो, या पुढे!"

अहो पुढे गेले. मान खाली घालून त्यांनी सगळं कबूल केलं. आता चर्चमधून नाव कटणार, अशी त्यांची खात्रीच झाली. पण पाळकसाहेब अजून वाचतच होते.

"राव, इथे बिशप बायबलातल्या अध्याय-वचनांचे आकडे देतो?"

"तेच तर रहस्य आहे! त्या आकड्यांवरूनच भुयार सापडतं!"

"अहो, पण अध्याय-वचनांचे आकडे हजार वर्षांहून जास्त काळ गेल्यावर पडले!"

अख्खी कादंबरी त्या आकड्यांवर उभी, आणि उद्या सकाळी छपाई! जग हसलं असतं. ते मटकन खाली बसले.

पाळकसाहेबांनी रागाचा एक शब्द काढला नाही. उपासना आटोपून त्यांनी घरून कादंबरीचं हस्तलिखित मागवलं, ते रावांच्या शेजारी बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. आकडे गेले, त्या जागी स्तोत्रांच्या पहिल्या ओळी आल्या, आणि भुयार पूर्वीपेक्षा झकास सापडू लागलं! रावांचे डोळे भरून आले.

"तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही, पाळकसाहेब."

"उपकार कसले! बरं, खुनी कोण ते सांगा."

राव कागद गोळा करू लागले. सौ. छताकडे बघू लागल्या.

"सांगा की!"

"पाळक," राव पुटपुटले.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"निदान त्याला ग्रीक तरी चांगलं येतं ना?"

"उत्तम येतं," राव म्हणाले. "त्यावरूनच पकडला जातो."