टिटवीचं मत

आमचे शेजारी ठवकरसाहेब प्रत्येक सभेत दोनदा मत देतात. एकदा स्वतःचं आणि एकदा टिटवीचं. उजवा हात स्वतःचा, डावा टिटवीचा. दोन्ही मतं कायम एकमेकांच्या विरुद्ध, त्यामुळे नुसती मोजणी केली तर साहेब सभेला आले काय आणि न आले काय, सारखंच. पण न येतील तर ते ठवकर कसले?

ही सभा आमच्या नागपुरातल्या हुडकेश्वरातली नव्हे. मौद्याकडे कन्हान नदीच्या काठी ठवकरांचं तुकडाभर शेत आहे. पावसाचं पाणी ओसरलं की तिथे नदीच्या रेतीत डांगरवाड्या लागतात, म्हणजे टरबूज-खरबुजांचे मळे. त्याच रेतीत उन्हाळ्यात टिटव्या अंडी घालतात. काठच्या शेतकऱ्यांना पंपासाठी पाणी हवं, ढिवरांना डोहात मासे हवेत. सगळ्यांनी मिळून नदी सांभाळावी म्हणून गावानं समिती केली आणि प्रत्येक निर्णय एकमतानंच घ्यायचा असं ठरवलं. ज्या समितीत ठवकर, तिथे एकमत! सूचना कुणाची होती ते वेगळं सांगायला नको.

मी त्यांचा सारथी. माझ्याकडे गाडी आहे, एवढाच माझा गुन्हा. दर रविवारी भल्या सकाळी इस्त्रीचा शर्ट आणि गुडघ्यापर्यंत गमबूट अशा थाटात साहेब माझ्या फाटकाशी हजर. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, पण तेव्हा हे गृहस्थ कधी पाण्यात उतरल्याचं कुणी सांगत नाही. गमबूट रिटायर झाल्यावर आले. मनीषनगरात माझ्या भाच्याच्या लग्नालाही ते घालून आले होते. मी विचारलं तर म्हणाले, नदीकडून कधी बोलावणं येईल सांगता येत नाही. नदीनं यांना आजवर एकदाही बोलावलेलं नाही.

सभेत शेतकरी बोलला की हे पक्ष्यांचे वकील. वनखात्याचा माणूस बोलला की हे लगेच शेतकऱ्यांचे. "थांबा गा, तिकडच्यांचं बी आयका," हे त्यांचं पालुपद. तिकडच्यांचं ऐकून होईतो साहेब इकडे आलेले असतात. सगळे दमून कशाला तरी राजी झाले की साहेबांचा डावा हात खालीच राहतो, टिटवीची हरकत नोंदवली जाते आणि सभा पुढच्या रविवारवर. इतकी भांडखोर टिटवी मी दुसरी पाहिली नाही.

यंदा मात्र गंमत राहिली नव्हती. पाणी ओसरून रेती उघडी पडली, लावणीचे दिवस हातचे निघाले आणि कुणी कुठे लावायचं याचा फैसला होईना. डांगरवाडीवाल्यांच्या म्होरक्या बावणेबाई. त्यांचं घर वर्षभर या रेतीवरच चालतं. आजवर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. गेल्या सभेत त्या उठून थेट ठवकरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आता नाई लावलं त यंदा माह्याकडं काहीच नाई. तुमच्या टिटवीले पाह्यजे काय, ते एकदा सांगून टाका."

ठवकरांनी नदीकडे बोट केलं. मग म्हणाले, वरच्या अंगाची रेती तिला सोडा, खालची डांगरवाड्यांना. ढिवरांनी तिची वीण होईतो डोहात जाळं टाकू नये, शेतकऱ्यांनी काठची झुडपं तोडू नयेत. एवढंच. अहो, हे तर लोक पहिल्या सभेपासून मान्य करून बसले होते! मला असा संताप आला की तिथूनच त्यांना चालत नागपूरला पाठवावं.

सगळ्यांचे हात वर गेले. साहेबांचा उजवाही गेला. सगळे डाव्याकडे बघत राहिले. त्यांनी बावणेबाईंकडे पाहिलं, आणि तोही हळूहळू वर गेला.

एकमत झालं. मंडळी हसत, चपला शोधत उठली.

"बसा न गा थोडं," ठवकर म्हणाले. "चहा येऊन राहिला."

चहा कुणी सांगितलाच नव्हता. टपरी थेट फाट्यावर.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वहिनी गेल्यापासून त्यांच्या घरात दिवसभर टीव्ही मोठ्यानं चालू असतो आणि समोर कुणी नसतं. टिटवी नाही म्हणत होती तोवर पुढचा रविवार पक्का होता. एवढ्यासाठी या माणसानं बाईंचा हंगाम टांगून ठेवला होता. राग यायलाच हवा होता, पण मला फार वाईट वाटलं.

बावणेबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या पुन्हा खाली बसल्या. त्यांच्या मागोमाग बाकीचेही बसले. मी गाडीची किल्ली काढली आणि किती चहा आणू ते विचारलं. साहेब बोटानं एकेक माणूस मोजू लागले.

"टिटवीचा धरू का?" मी म्हटलं.

"नोको," गमबुटावरची रेती झटकत ते म्हणाले. "तिचं काम झालं. आता मी एकटाच हाय."