आत्या, बटण दाबू नकोस

लिफ्ट देखभाल कार्यालयाची आपत्कालीन यंत्रणा सी भाषेत लिहिलेली होती आणि ती लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला तिचा रास्त अभिमान होता. नियम सोपा होता. शहरातल्या कुठल्याही लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की प्रोग्रॅम पाच मिनिटांचा गजर लावणार. तेवढ्यात नियंत्रण कक्षातून कोणी दखल घेतली नाही, तर साहेबांच्या केबिनमध्ये घंटा घणघणणार.

वर्षभरात घंटा एकदाही वाजली नाही. साहेब याला ‘शून्य प्रलंबित प्रकरणे’ म्हणत आणि प्रोग्रॅमर मान लववून ते कौतुक पदरात पाडून घेई.

एके दुपारी त्याची आत्या त्याचा घरी राहिलेला चष्मा द्यायला कार्यालयात आली आणि दोन मजल्यांच्या मधेच लटकली. नियंत्रण कक्ष चहाला गेला होता.

“अरे, मी मघापासून बटण दाबतेय!” आत्या फोनवर कडाडली. “एकदा नाही, सारखी!”

प्रोग्रॅमरने कपाळावर हात मारला. या गजराचा स्वभाव त्याला पक्का ठाऊक होता: एका प्रोग्रॅमला गजर एकच. नवा लावला की जुना पुसला जातो आणि मोजणी पहिल्यापासून. ‘संकटातला माणूस बटण एकदाच दाबतो,’ असं बैठकीत त्यानेच छातीठोकपणे सांगितलं होतं.

“आत्या, बटण दाबू नकोस!”

“मग काय इथेच संसार थाटू?”

“पाच मिनिटं गप्प उभी राहा. घंटा वाजेल.”

आत्या आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली. वेळ भरली, गजर झाला आणि प्रोग्रॅमच बंद पडला. गजर झाल्यावर काय करायचं, हे लिहायचं त्याने ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलं होतं. आणि सी भाषेत ते लिहिलं नाही, तर गजर थेट प्रोग्रॅमचाच गळा धरतो. शहरातली सगळी लाल बटणं एका दमात मुकी झाली.

शेवटी रखवालदाराने किल्लीने दार उघडलं. घामाघूम आत्याने चष्मा पुढे केला. “घाल, आणि बघ एकदा काय लिहून ठेवलंयस ते.”

त्याला मान वर करवेना. पण चौकशी त्याच्याचकडे सोपवली गेली, तेव्हा मान आपोआप वर झाली. अहवालात त्याने नमूद केलं: यंत्रणा निर्दोष आहे, प्रवाशाने बटण दाबणे थांबवल्यामुळेच ती कोसळली. साहेबांनी तत्काळ मंजुरी दिली.

आता प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी आहे: ‘मदत येईपर्यंत बटण दाबत राहावे.’ नागरिकांचं सहकार्य उत्तम आहे, घंटा शांत आहे. कधी अडकलात, तर तुम्हीही जीव खाऊन दाबालच. कार्यालय आपले आगाऊ आभारी आहे.