कलमवाल्या गद्रेबाई

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सोसायटीत वाण म्हणून गाळणी मिळायची, साबणाच्या डब्या मिळायच्या, एका वर्षी तर ठरवल्यासारखे सगळ्यांनी चमचेच दिले. गद्रेबाईंनी मला कलम बावीस दिलं.

हसू नका. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: अटक केली तर कारण सांगावं लागतं, वकिलाला भेटू द्यावं लागतं, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. वर तिळगुळाची वडी.

"अहो बाई, मला कोण कशाला अटक करतंय?" मी म्हटलं.

"करतील तेव्हा शोधत बसणार आहेस का?" असं म्हणून त्यांनी माझ्या शेजारणीच्या ओटीत कलम चौदा घातलं.

बाईंनी लग्न केलेलं नव्हतं, तरी हळदीकुंकू दरवर्षी करायच्या. कुणी नाक मुरडलंच, तर चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुठे लिहिलंय? दाखवा." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. बँकेतल्या कारकुनाला, गॅसवाल्याला, गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या मंडळाला, सगळ्यांना तेच.

एकतीस वर्षं त्यांनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. वीस मार्कांचा विषय! आम्ही सगळ्यांनी तो परीक्षेच्या आदल्या दिवशी दोन तासांत उरकलेला. त्यामुळे निवृत्त झाल्यावर बाईंनी राहिलेला पोर्शन सदाशिव पेठेवर पूर्ण करायला घेतला. पिशवीत घटनेचं पुस्तक कायम. मंडईत जाताना वर कोथिंबीर, खाली घटना.

एकदा त्यांच्यासोबत मी रिक्षा शोधत होते. रिक्षावाला म्हणाला, स्टेशनला येणार नाही. बाई म्हणाल्या, "कलम एकोणीस. मला भारतभर मुक्तपणे संचार करण्याचा हक्क आहे."

"मग करा की संचार," तो म्हणाला. "फुटपाथ मोकळाच आहे." आणि गेला निघून. मी तोंडाला पदर लावला. बाई मात्र वहीत रिक्षाचा नंबर टिपत होत्या.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कुठल्याशा भांडणात चौकीवर नेलं, तेव्हा तो गयावया करायचं सोडून म्हणाला, "साहेब, कारण सांगा, आणि वकिलाला निरोप जाऊ द्या." त्याच्या बायकोला संक्रांतीला कलम बावीसच मिळालं होतं आणि तिने ते इस्त्रीच्या टेबलामागे चिकटवलं होतं. हवालदाराने म्हणे विचारलं, तुला हे शिकवलं कुणी? संध्याकाळी तो सुटून आला, तो थेट बाईंच्या पाया पडायला. "पाया कसला पडतोस? पाठ कर," बाई म्हणाल्या. मी त्या दिवशी घरी येऊन माझा कागद शोधला. किराण्याच्या यादीच्या पाठीमागे सापडला.

आता खरी गोष्ट सांगते. हिंजवडीला जाणाऱ्या पांढऱ्या सुमो आमच्या बोळात शिरायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली. आमच्या आतल्या खोलीत प्रणाली नावाची मुलगी पेइंग गेस्ट होती. यवतमाळची, कॉल सेंटरमध्ये नोकरी. संध्याकाळी गाडी न्यायची, सकाळी आणून सोडायची. दिवसभर पोरगी झोपायची. पण रात्री बाहेर असणारी मुलगी म्हटल्यावर आमच्या सोसायटीची झोप उडाली. सेक्रेटरी दामले यांनी ठराव टाईप करून आणला: सोसायटीत यापुढे एकट्या नोकरदार मुलींना पेइंग गेस्ट किंवा भाडेकरू म्हणून ठेवता येणार नाही. सध्या असलेल्यांनी महिनाअखेर जागा सोडावी.

"काकू, मी काय करून राहिली हो?" प्रणालीने मला विचारलं. "झोपूनच तर राहते दिवसभर." दुसरीकडे तिने चौकशी केली, तर रात्रपाळी म्हटल्यावर लोक दारातूनच नाही म्हणत होते. जागा मिळाली नाही, तर नोकरी सोडून गावी परत ये, असा वडिलांचा फोन आलेला.

मीटिंगला मी बोलायला हवं होतं. मुलगी माझ्या घरात राहत होती. पण आमचे हे कमिटीवर, शेजारपाजार रोजचा, मी आपली सतरंजीचे दोरे उपसत बसले. आजही आठवलं की लाज वाटते.

उठल्या त्या बाई. "कलम एकोणीस. भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे. यवतमाळ भारतात येतं, दामले. सदाशिव पेठही येते, तुम्हाला पटो न पटो."

दामले तयारीनेच आले होते. जावई वकील ना त्यांचे! "बाई, तो हक्क सरकारविरुद्ध असतो. सोसायटी म्हणजे सरकार नव्हे."

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. बाईंनी पुस्तक उघडलं, एक पान वाचलं, मागची दोन वाचली. मला वाटलं, आता दामल्यांचं काही खरं नाही. पण बाईंनी चष्मा काढला. "तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझी चूक झाली." मुलांची उत्तरं तपासताना स्वतःची चूक सापडावी, तितक्या सरळपणे. ठराव मंजूर झाला. बाई जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. दारात बाई. "ती उठली का? बॅग भरायला सांग. माझ्याकडे येते आहे."

ही बातमी दामल्यांना पोचायला दहा मिनिटं लागली. ते जिन्यातच आडवे आले. "बाई, कालच ठराव झालाय! पेइंग गेस्ट ठेवता येणार नाही."

"पेइंग कोण करतंय? एक पैसा घेणार नाही. पाहुणी आहे माझी."

"पाहुणी किती दिवस राहणार?"

"ठरावात पाहुण्यांची मुदत कुठे लिहिलीय? दाखवा." दामले खिसे चाचपायला लागले. "तुम्हीच टाईप केलाय ना?" बाई म्हणाल्या. "सरका आता, बॅग जड आहे."

प्रणाली त्यांच्या मागून जिना चढली. चढताना वळून माझ्याकडे बघून हसली. तिच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

मग बाईंच्या घरातून आवाज यायला लागले. ज्या घरात रेडिओशिवाय कधी माणूस बोललेलं ऐकलं नव्हतं, तिथे भाजीत तिखट किती घालावं यावर कडाक्याचे वाद. पाहुणीचा मुक्काम महिने लोटले तरी हलला नाही. दामल्यांनी दुरुस्तीचा ठराव आणायचं दोनदा बोलून दाखवलं, पण बाईंसमोर पुन्हा मसुदा ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही.

डिसेंबरात एका सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर बाई फाटकापाशी उभ्या. स्वेटर, वर शाल, कानाला स्कार्फ.

"अहो, एवढ्या थंडीत काय करताय?"

"गाडीचा नंबर टिपायचा आहे. नागरिकाचं कर्तव्य."

"रोज तीच गाडी येते, बाई."

बाईंनी वही शालीत सरकवली. मग बोळाकडे बघतच म्हणाल्या, "सुधा, शाळा सुटली की घरी यायचं आणि आपलं आपण कुलूप उघडायचं, असंच गेलं बघ सगळं आयुष्य. कुणाची वाट बघावी असं कुणी नव्हतंच गं. हक्काच्या गोष्टी मागता येतात, मी मागितल्याही. हे मागायचं तरी कुणाकडे?"

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी सुमो वळली, आणि गुडघे दुखतात म्हणून एकेक पायरी जपून उतरणाऱ्या गद्रेबाई मला तिथेच सोडून गाडीच्या दिशेने चक्क धावल्या.