माईंनी जपून ठेवलेली रिबन

माईंच्या पंच्याहत्तरीचा केक थोरल्या सुनेने करायचा, हे घरात कुणाला ठरवावंसुद्धा लागलं नव्हतं. ती घरूनच केकच्या ऑर्डरी घ्यायची, आणि केकवर रिबनच्या फुलासारखे दिसणारे साखरेचे बो करण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. आदल्या सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला आणि नेमका तोच हात प्लॅस्टरमध्ये गेला.

केक भाजून झाला होता. राहिला होता बो. फाँडंटची पट्टी, म्हणजे साखरेची ती मऊ कणीक लाटून वळण्याइतका नाजूक हात घरात आणखी एकच होता, धाकट्या सुनेचा. पण वर्षापूर्वी धाकटी चार पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "वहिनी, केक जरा कोरडा झालाय." तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. अगदीच अडलं तर सासऱ्यांमार्फत, म्हणजे नानांमार्फत.

नाना ओट्याजवळ खुर्ची टाकून मधोमध बसले.

"नाना, तिला सांगा, एवढी जाड पट्टी पायपुसण्याला शोभेल, केकला नाही."

नाना धाकटीकडे वळले. "ती म्हणते, छान लाटलीस. किंचित पातळ कर."

"त्यांना सांगा, कान आहेत मला. आणि हे हात आहेत, मशीन नाही."

नाना थोरलीकडे वळले. "ती म्हणते, तुझ्याकडून शिकायला मिळतंय."

थोरली हातभर अंतरावर उभी होती. तिने सगळं स्वच्छ ऐकलं होतं. तरीही तिने गंभीरपणे मान हलवली.

एवढं सगळं गोड करून सांगताना नानांच्या घशाला कोरड पडली. ते पाणी प्यायला उठले आणि इकडे बोमधला एक फुगा हळूहळू बसायला लागला.

"अगं कापूस! आत कापूस भर आधी, बसतोय तो!"

"भरतेय ना, वहिनी! तुम्ही दुसरा धरा, डाव्या हाताने!"

थोरलीने धरला. नाना पेला घेऊन दारातच थांबले, आत आलेच नाहीत. फुगे ताठ होईपर्यंत दोघी श्वास रोखून उभ्या होत्या.

"चांगला झालाय," थोरली शेवटी म्हणाली. नजर बोवरच ठेवून.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले. माईंनी सुरी उचलली आणि थांबल्या. "इतकी सुंदर रिबन क्रीमने कशाला खराब करायची?" आयुष्यात त्यांनी दोरा, कागद, रिबन काही फेकलं नव्हतं. बो त्यांनी दोन बोटांनी अलगद उचलला. "खळही काय छान बसलीये हिला!" रुमालात गुंडाळून त्यांनी तो आपल्या कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. पाहुण्यांनी त्यांच्या टापटिपीचं कौतुक केलं.

आता चारचौघांत सांगायचं तर पंच्याहत्तरीच्या दिवशीच माईंचं हसं व्हायचं. थोरलीने धाकटीकडे पाहिलं.

"मुंग्या लागतील," ती पुटपुटली.

"चांगल्या कपड्यांना," धाकटी म्हणाली.

दुपारी माई आडव्या झाल्या. नानांनी त्यांच्या उशीखालची किल्ली काढून दिली आणि ते निमूटपणे पहाऱ्याला बसले. साखरेचा बो बाहेर आला, पण रिकामा रुमाल ठेवून कसं चालेल? धाकटीने त्याच रंगाची खरी रिबन धावत जाऊन आणली. ती काही केल्या बसेना. घडी घातली की घसरायची, गाठ मारली की मान टाकायची. दोघींनी इस्त्री फिरवली, खळ लावली, आत कापूस कोंबला.

"ताठ ओढ जरा."

"ओढली तर सुटते, वहिनी. खरी आहे ना ती."

शेवटी जमली तशी रुमालात गुंडाळून ठेवली.

संध्याकाळी माईंची बहीण उशिरा आली. माईंनी तिला हाताला धरून कपाटाजवळ नेलं, रुमाल उघडला आणि त्या बघतच राहिल्या.

"सकाळी किती खरी दिसत होती गं. आता अगदीच नकली वाटतेय."

"उजेडाचा फरक असेल, माई," थोरली म्हणाली.

"उजेडाचाच," धाकटी म्हणाली.