शकूरचाचा आणि गाडीचं नाक

शकूरचाचांच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवायची असेल तर आधी अंगावरचे दागिने उतरवावे लागतात. अंगठी, बांगडी, घड्याळ, सगळं. त्यासाठी त्यांनी दाराशी स्टीलचा डबा ठेवलाय. "बॅटरीला अंगठी टेकली की बोटाची भाकर व्हती," असं ते प्रत्येकाला सांगतात. एकदा एक नवरदेव सजवलेली गाडी घेऊन आला, तर त्याच्याही गळ्यातली चेन डब्यात गेली. वरात दहा मिनिटं थांबली.

नगरमध्ये आमच्या घरामागच्या गल्लीत हे गॅरेज आहे. माझे बाबा वीस वर्षं त्यांच्याकडेच गाडी देतात. मी लहानपणापासून तिथे जाऊन उभी राहते आणि बहुधा काहीच बोलत नाही. चाचांना ते आवडतं. "तू गप असती ते बरं हाय बेटा. इंजिन ऐकू येतं."

मला आमच्याच जिल्ह्यातल्या, डोंगराकडच्या अकोले गावच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला. सोमवारी जायचं, शुक्रवारी परत यायचं. बाबांची जुनी गाडी मला हवी होती. त्यात मी एक उद्योग करून ठेवला होता. गाड्यांबद्दल मी गुपचूप खूप वाचते, हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. इंजिनाला बाहेरची गार हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टरचा संच मी मागवला होता. चढावर गाडीला बरं पडेल, असा माझा हिशोब. कुरियर बाबांच्या हाती पडलं.

"कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं का?" बाबा म्हणाले. मग थोडा विचार करून, "शकूरभाईंनी ते बसवून, स्वतः गाडीत बसून बघितलं आणि ठीक आहे म्हणाले, तर गाडी तुझी. नाहीतर एसटीनं जा."

म्हणजे माझं सगळं चाचांच्या एका शब्दावर आलं.

मी गाडी घेऊन गेले. चाचांनी बोनेट उघडलं, हात लावला आणि स्टूल पुढे केलं. "बस. गरम हाय."

"किती वेळ?"

"आधी गाडी थंड व्हऊ दे. मग तू."

तासाभराने त्यांनी बॅटरीची काळी वायर सोडली आणि तिच्या टोकाला कापड गुंडाळलं. जुनी हवेची पेटी काढताना निघालेला प्रत्येक स्क्रू इडलीच्या साच्यात जात होता. वरच्या थाळीत पेटीचे, मधल्या थाळीत पाइप आवळणाऱ्या पट्ट्यांचे. हवा मोजणारा सेन्सर त्यांनी असा सोडवला, जणू झोपलेल्या बाळाच्या हातातून खुळखुळा काढतायत. मग इंजिनाच्या उघड्या तोंडात एक स्वच्छ लाल फडकं कोंबलं. त्या फडक्याला लांब शेपूट होती. ती खिडकीतून आत नेऊन त्यांनी थेट स्टिअरिंगला बांधली.

"हे कशाला?"

"नाकात बोळा हाय हे विसरून कुनी चावी फिरवली तर? शेपूट दिसली की हात थांबतो."

माझ्या संचाबरोबरच्या चित्रात फिल्टर खाली, बंपरमागे होता. मी धीर करून ते दाखवलं. चाचांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं.

"तुझ्या वाटेवर फरश्या किती?"

फरशी म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल. मला एकही आठवेना.

"पावसाळ्यात अकोल्याकडं फरशीवरनं पानी जातं. तुझं हे नाक पान्यात. गाडी हवेच्या जागी पानी ओढनार. पानी दाबता येत न्हाई, मग आतला रॉड वाकतो. चित्र काढनाऱ्याला अकोलं ठावं न्हाई."

मला लाज वाटली. ते मात्र हसत नव्हते. त्यांनी फिल्टर वर, हेडलाइटमागे नेला. इंजिनाची धग लागू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा कापून मध्ये पत्र्याचा आडोसा केला आणि त्याच्या कडांना रबर लावलं. पाइप पंख्याला, इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याला कुठे घासतो का, हे बोट फिरवून बघितलं. फडकं काढलं, पट्ट्या आवळल्या, शेवटी बॅटरी जोडली. गाडी सुरू झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि प्रत्येक जोडाशी कान नेला. कुठे हवा फुसफुसत नव्हती.

"ठीक आहे ना?" मी विचारलं.

"टेस्ट बाकी हाय."

त्यांची टेस्ट म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत, हे सगळ्या नगरला माहीत आहे. पण रविवारी सकाळी चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हातात चार पुडांचा डबा घेऊन उभे होते.

"अकोल्यापर्यंत जाऊ. चढ इथं कुठंय?"

तीन तासांच्या वाटेत ते जवळजवळ बोललेच नाहीत. चढ आला की डोळे मिटायचे, उतार आला की उघडायचे आणि बाहेर बघायचे. मी एकदा घाईत ओव्हरटेक करायला गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "त्याला जाऊ दे. त्याच्या घरी पाव्हने आले असतील."

शाळेच्या फाटकाशी आम्ही थांबलो. पुन्हा गाडी थंड होऊ दिली. त्यांनी एकेक पट्टी चाचपली, मग फोन काढून बाबांना लावला.

"पास हाय साहेब. जाऊ द्या एकटी." पलीकडून बाबा काहीतरी म्हणाले. "व्हय, गाडी तर हायच. मी पोरीचं सांगतोय."

फोन खिशात टाकून ते पश्चिमेच्या डोंगरांकडे बघत राहिले.

"धरन इथनं किती लांब?"

"तासभर असेल."

"चाची लई म्हनायची, एकदा भंडारदरा दाखवा. दारात गाड्या रोज दहा. सगळ्या लोकांच्या." त्यांनी शर्टाची बाही सारखी केली. "मग ती गेली. मग कुनासंगं जायचं?"

मी त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

धरणाकडच्या वाटेवर भातखाचरं सुरू झाली तेव्हा बाबांचा फोन आला, परत कधी निघताय म्हणून. चाचांनी काच खाली घेतली, वारा तोंडावर घेतला आणि ओरडून सांगितलं, "गाडी झकास हाय साहेब! टेस्ट जरा वाढलीय!"